रकाना क्रमांक अकरा

आपल्या सासऱ्यानं आपल्याला स्वयंपाकघरात बोलावून दाराला आतून कडी लावावी, असं आपल्या हातून नेमकं काय घडलं, हे ऑरिन टिलसनला काही केल्या आठवेना. चोवीस वर्षांत जोआकिम फुर्ताडो त्याच्याशी जेवढं बोलले होते तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातही निम्मी वाक्यं 'बाजूला हो' अशी होती. त्यामुळे म्हाताऱ्यानं आधी रेडिओ मोठा केला, मग ओडेटला, म्हणजे स्वतःच्या मुलीला आणि ऑरिनच्या बायकोला, परसात केलच्या भाजीची पानं खुडायला पिटाळलं, आणि खुर्ची गुडघ्याला गुडघा लागेल इतकी पुढं ओढली, तेव्हा ऑरिन सवयीनं बाजूला व्हायला उठला.

"ए कारकुंड्या," म्हातारा म्हणाला, "मासे कुठून आणतोस तू?"

"सुपरमार्केटमधून," ऑरिन म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या फातिमा मातेच्या, म्हणजे मेरीच्या, तसबिरीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली.

कारकुंड्या या शब्दात खोटं काहीच नव्हतं. वेस्टहेवनच्या नगरपालिकेत ऑरिन गेली सव्वीस वर्षं कुत्र्यांचे परवाने देत होता. अर्जातला एकही रकाना कोरा दिसला तर तो अर्ज परत करी, मग समोर नगराध्यक्ष उभे असोत की खुद्द कुत्रा. याबद्दल गावात त्याचा दबदबा आहे असं तो समजत असे. गाव त्याला काय समजे ते इथं सांगायला नको. पण मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात माणसाची किंमत होते ती त्यानं धरलेल्या माशांवरून, आणि ऑरिननं जन्मात एक मासा धरला नव्हता. फुर्ताडोंच्या घरी जेवायला गेला की त्याची जागा ठरलेली असे. टेबलाच्या शेवटी, फ्रिजशेजारी, घडीच्या स्टुलावर. दुसऱ्या कुणाला बर्फ हवा झाला की त्याला उठावं लागे.

"जूनच्या वीस तारखेला मी पंचाऐंशीचा होतो," म्हातारा म्हणाला. "माझ्या वाढदिवसाला टेबलावर वेपॉसेट बेटाचा पट्टेरी बास मासा लागतो. होडीतला नाही, जाळ्यातला नाही. खडकावर उभं राहून घरच्या माणसानं धरलेला. आजवर मी आणि ओडेट जात होतो. या वर्षी गुडघे होडीत चढू देत नाहीत. तू जायचं."

"मी?"

"आणि दुकानातला आणलास तर दारातच सांग. मी उपाशी झोपेन."

मग म्हाताऱ्यानं ऑरिनचा हात धरून तो फातिमा मातेच्या काचेवर ठेवला. ऑरिनचं चर्च वेगळं, तिथं असल्या तसबिरी चालत नाहीत. पण हात काढून घ्यायची हिंमत त्याला झाली नाही. "कुणाला सांगणार नाही म्हण," म्हातारा म्हणाला. ऑरिननं म्हटलं. मग म्हाताऱ्यानं त्याच्या कानाला तोंड लावलं. तोंडाला कांदा आणि तंबाखू यांचा वास होता, आणि त्या वासातून शब्द आले: "दीपगृहाच्या मागे. डावीकडून तिसरा. मधोमध चिरलेला खडक. भरती लागल्यावर दीड तासानं."

ऑरिन घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. वेस्टहेवनात माणसं एकमेकांना पगार सांगतात, आजार सांगतात, बायकोशी झालेलं भांडण तर दुकानात उभं राहून सांगतात, पण मासा कुठं मिळतो ते बाप मुलाला सांगत नाही. आणि म्हाताऱ्यानं ते ऑरिनला सांगितलं होतं! त्या रात्री आरशासमोर उभा राहून तो बराच वेळ आपला तो कान बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा नॉर्म डेलानो कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. बातमी त्याच्याकडे कशी पोचली ते विचारण्यात अर्थ नव्हता. ती नॉर्मकडे नेहमी आधी पोचे आणि मग घडे.

"बेटावर चाललास म्हणे? छान, छान. पांढरा शर्ट घालू नकोस, माशाला दिसतो. शिट्टी वाजवू नकोस. आग्नेय वारा असेल तर जाऊच नकोस. नैऋत्य असेल तर जायचं, पण दोरी टाकायची नाही, नुसतं उभं राहायचं. कुठल्या बाजूला जाणार आहेस?"

"ते सांगता येणार नाही, नॉर्म."

"नको रे सांगू. मी कशाला विचारू? फक्त उत्तरेला की दक्षिणेला, एवढंच. म्हणजे वाऱ्याचं सांगता येईल."

आठ दिवस हे चाललं. नॉर्मनं त्याला दहा फुटी रॉड दिला. छातीपर्यंत येणारी रबरी विजार दिली, तीत दोन ऑरिन मावले असते. एका संध्याकाळी न सांगता ऑरिनच्या अंगणातलं गवत कापून दिलं. आणि प्रत्येक वस्तू देताना "अंदाजे तरी?" असं विचारलं. ऑरिन बधला नाही. आपल्याला अब्रू नावाची एक वस्तू मिळालेली आहे आणि ती सांभाळायची असते, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडत होतं.

जायच्या आदल्या दिवशी नॉर्मनं एक ओला कागदी पुडा आणून दिला. "आमिष," तो म्हणाला. "फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेव." ऑरिननं ठेवला. आत डझनभर जिवंत वाम मासे आहेत, लांबलचक, काळे आणि सापाचे सख्खे भाऊ शोभतील असे, हे सांगायला नॉर्म विसरला. ते ऑरिनला रात्री सॅलडसाठी काकडी काढताना कळलं. त्यानं जी किंकाळी फोडली ती पुढं कित्येक दिवस गल्लीत चर्चेला होती. ओडेट मात्र शांतपणे उठली, काकडीसारखी दिसणारी ती वाम दोन बोटांत गळ्याशी पकडली, परत पुड्यात घातली आणि हात धुऊन विणकामाला बसली. तिला एवढ्या सराईतपणे वाम कशी पकडता येते, असा प्रश्न ऑरिनला पडायला हवा होता. पण तो त्या वेळी ओट्यावर चढून उभा होता.

मंगळवारी ऑरिन आणि ओडेट बेटाच्या फेरीबोटीवर पोचले. ऑरिननं टाय लावला होता. प्रवासात माणसानं नीटनेटकं असावं, असं त्याचं मत होतं. बोटीचा कप्तान म्हणजे म्हाताऱ्या फुर्ताडोचा पत्त्यांतला भिडू. तो फळीवर आडवा उभा राहून प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत होता. ऑरिनच्या पिशवीत डोकावला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ही काय आहेत?"

"केळी," ऑरिन म्हणाला. "सहा."

धक्क्यावरची बोलणी बंद पडली. एका बाईनं आपल्या कुत्र्याला जवळ ओढलं. मागं उभ्या असलेल्या एका दाढीवाल्यानं खांद्यावरचा रॉड उतरवून पाठीमागं लपवला. ऑरिननं ओडेटकडे पाहिलं. ती दूरच्या एका ढगाकडे बघत होती.

"मासे धरायला जाताना केळी? एवढा मोठा अपशकुन?" कप्तानाचा आवाज कापत होता. "जोआकिमचा जावई तू, आणि माझ्या बोटीवर केळी आणतोस?"

"पण शास्त्रीयदृष्ट्या—"

"खा. नाहीतर पाण्यात टाक. नको, पाण्यात टाकू नकोस! खा!"

मग ऑरिन टिलसन, टायसकट, धक्क्यावर उभा राहून चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत केळी खाऊ लागला. चार गेली. पाचवं गिळताना डोळ्यांत पाणी आलं. सहावं जाणं शक्यच नव्हतं, आणि चांगली वस्तू टाकून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून कप्तानानं भोंगा वाजवायला पाठ वळवली तेव्हा ते सहावं त्यानं कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं.

बोट अर्ध्या वाटेवर असताना कुणीतरी थंड सोड्याची बाटली शोधायला भलत्याच माणसाची, म्हणजे ऑरिनची, वामांचा पुडा ठेवलेली बर्फाची पेटी उघडली. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं त्याचं वर्णन प्रत्येक प्रवासी वेगळं करतो. अकरा वामा सापडल्या, एवढं नक्की. बारावी एका सभ्य बाईच्या हॅटपेटीत निघाली. ऑरिन चारी हातापायांवर बाकांखालून रांगत होता, टाय बर्फाच्या पाण्यात लोळत होता, आणि कप्तान सुकाणू न सोडता ओरडत होता, "केळी! मी सांगितलं होतं! केळी!" ऑरिनचा हात नकळत आतल्या खिशाकडे गेला. त्यानं तो झटकन मागं घेतला.

बेटावर उतरल्यावर मात्र त्याच्या जिवात जीव आला, कारण तिथं एक कार्यालय होतं. मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा. खडकावर उभं राहायचं तर किनारा-वापराचा परवाना लागतो, असा फलक दारावर होता. "या भानगडीत पडू नकोस," ओडेट म्हणाली. "कुणी काढत नाही." ऑरिननं तिच्याकडे जो कटाक्ष टाकला तो तो विनापरवाना कुत्र्यांच्या मालकांसाठी राखून ठेवत असे. ओडेटनं खांदे उडवले आणि ती कांदे आणायला गेली.

आत मिस लव्हिनिया टॅबर बसल्या होत्या. वय सत्तरीचं, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर दुसरा. त्यांनी अर्ज पुढं केला. अर्ज पाहून ऑरिनचं मन भरून आलं. किती वर्षांनी दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरायला मिळत होता! तीन प्रती, चौदा रकाने, समासात शिक्क्यासाठी चौकट. नाव, पत्ता, उंची, रॉडची लांबी, नियम माहीत आहे का: अठ्ठावीस इंचांहून लहान आणि एकतीसहून मोठा मासा ठेवता येत नाही. माहीत आहे. आणि मग रकाना क्रमांक अकरा. 'मासे धरण्याचं नेमकं ठिकाण.'

ऑरिनचं पेन थांबलं.

आता इथं त्याच्या मनात काय चाललं ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर वाचकाला तो मूर्ख वाटेल. ऑरिननं तसबिरीवर हात ठेवून 'कुणाला सांगणार नाही' म्हटलं होतं. ते त्यानं पाळलं होतं. नॉर्मला सांगितलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण हा अर्ज होता. अर्जात लिहिणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. सरकार म्हणजे 'कुणी' नव्हे. सव्वीस वर्षांत त्याला लोकांनी अर्जात काय काय लिहून दिलं होतं, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं होतं का? आणि रकाना कोरा सोडायचा? त्यानं? त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दीपगृहाच्या मागे, डावीकडून तिसरा, मधोमध चिरलेला खडक. भरती लागल्यावर दीड तासानं.' आणि जागा उरली होती म्हणून पट्टीनं रेघा मारून छोटासा नकाशाही काढला.

मिस टॅबर यांनी अर्ज वाचला. डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला आणि पुन्हा वाचला.

"अकरावा रकाना भरलात तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

"अर्थात."

"बत्तीस वर्षं मी इथं आहे. लोक तिथं 'समुद्र' लिहितात. एकानं 'तुम्हाला काय करायचंय' असं लिहिलं होतं. तुम्ही नकाशा काढलात." त्यांनी रुमालानं डोळा टिपला. ऑरिनला वाटलं, कौतुकानं. "तुम्ही कुठल्या गावचे म्हणालात?"

"वेस्टहेवन. नगरपालिका," ऑरिन ताठ उभा राहून म्हणाला.

"अर्ज दोन दिवस दुकानाबाहेरच्या फलकावर लावावा लागतो. कुणाची हरकत असेल तर. परवाना गुरुवारी पहाटेपासून."

"लावायलाच हवा," ऑरिन म्हणाला. त्याच्याही कार्यालयात तसाच नियम होता, आणि सव्वीस वर्षांत तो फलक कुणी वाचलेला त्यानं पाहिला नव्हता.

दोन दिवस बेटावर छान गेले. फक्त एक गोष्ट ऑरिनच्या लक्षात आली, की लोक एकाएकी त्याच्याशी फार गोड वागू लागले आहेत. दुकानदारानं हात हलवला. बोटीवरच्या दाढीवाल्यानं टोपी काढली. बुधवारी दुपारच्या फेरीबोटीनं नॉर्म उतरला. 'सहज हवापालटाला' म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं 'अंदाजे तरी?' असं विचारलं नाही. ओडेट दुकानातून परत आली ती गप्प होती. "काय झालं?" ऑरिननं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "फलक वाचला." आणि तिनं कांदे चिरायला घेतले. डोळ्यांत पाणी होतं, पण कांद्यांचं तसं असतंच.

गुरुवारी उजाडताना ऑरिन दीपगृहाच्या मागच्या उतारावर पोचला. विजार बगलेपर्यंत ओढलेली, रॉड खांद्यावर. डावीकडून पहिला खडक. दुसरा. आणि तिसरा—

तिसरा खडक दिसतच नव्हता. तिथं माणसं होती.

ऑरिननं मोजली. अशा वेळीही तो मोजल्याशिवाय राहत नसे. सतरा. खांद्याला खांदा लावून, चिरेच्या अलीकडे नऊ आणि पलीकडे आठ. दाढीवाला होता. दुकानदार होता. सगळ्यांत पुढं, नेमका नकाशात ऑरिननं फुली मारलेल्या जागी, नॉर्म होता. त्याच्या खिशातून अर्जाच्या फोटोचा कागद डोकावत होता.

ऑरिननं खांद्यावरचा रॉड खाली टेकवला. फातिमा मातेची काच त्याला हाताला अजून गार लागत होती.

"अरे, ये की!" नॉर्म ओरडला. "तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय! सरका रे, मालक आले!"

मालक गेले. जायलाच हवं होतं, परवाना त्याच्याच नावावर होता. त्यानं मागच्या मागं रॉड फिरवून दोरी फेकली, ती समुद्रात न जाता नॉर्मच्या टोपीत रुतली आणि टोपी घेऊन समुद्रात गेली. शेजारच्याची दोरी तिच्यात अडकली, त्याच्या शेजारच्याची त्याच्या दोरीत, आणि पाच मिनिटांत सतरा माणसं ओडेटच्या लोकरीच्या गुंड्यासारखी एकमेकांत गुंतली. मोठी लाट आली. नॉर्मनं दिलेली विजार पाण्यानं भरली आणि ऑरिन आतल्या आत बसला. कसाबसा उभा राहून त्यानं नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. रुमाल बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर ते सहावं केळं. दोन दिवसांत ते काळं पडलं होतं, पण ओळखू येत होतं.

खडकावर कुणी हललं नाही. मग दाढीवाला अत्यंत हळू आवाजात म्हणाला, "दोन दिवस... हे... त्याच्या अंगावर होतं?"

सतराच्या सतरा माणसं दोऱ्या कापून निघून गेली. पळाली असं म्हणता येणार नाही, ओल्या खडकावर पळता येत नाही, पण इच्छा तीच होती. नॉर्म टोपीसाठीसुद्धा थांबला नाही.

खडक रिकामा झाला. ऑरिन तिथं एकटा तीन तास उभा होता. त्याला शेवाळ मिळालं, पुष्कळ शेवाळ मिळालं, आणि नॉर्मची टोपी मिळाली. मासा त्या बाजूला फिरकलासुद्धा नाही.

परतताना त्याला म्हाताऱ्याचं तोंड दिसत होतं. मासा मिळाला नाही त्याचं त्याला एवढं काही नव्हतं. मासे त्याला कधीच मिळाले नव्हते. पण एका माणसानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, त्याच्या, चोवीस वर्षं बर्फ काढून देणाऱ्या माणसाच्या कानात, आणि त्यानं ते तीन प्रतींत लिहून दिलं होतं. त्याला रडू आलं. रबरी विजारीतलं पाणी पचक-पचक वाजत होतं आणि तो रडत चालला होता.

भाड्याच्या घराच्या मागच्या पायरीवर ओडेट बसली होती. मांडीवर सुरी, पुढ्यात फळी, आणि फळीवर एक पट्टेरी बास होता. चांदीसारखा अंगाचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा ओढलेला.

ऑरिननं खिशातून टेप काढून आधी मासा मोजला. हात आपोआप चालले. साडेतीस इंच. मग त्याची वाचा परत आली.

"हा... कुणी धरला?"

"शेजारच्या मांजरानं," ओडेट म्हणाली. "मी धरला, ऑरिन. दरवर्षी मीच धरते. पपा नऊ वर्षं खडकावर उभे राहिलेले नाहीत. ते खुर्ची टाकून बसतात आणि मला शिव्या देतात."

"मला वाटायचं तू डबा घेऊन जातेस!"

"डबाही मीच नेते."

ऑरिन पायरीवर बसला. विजारीतलं पाणी गळ्यापर्यंत वर आलं. "मग तो चिरलेला खडक?"

"तिथं कधी मासा आला नाही. पपांच्या वडिलांनी त्यांनाही आधी तोच सांगितला होता, आणि पपांनी मलाही. तो सांगायचा आणि थांबायचं. माणूस गप्प राहिला तर मग खरा सांगायचा. पपांचं वय झालं, ऑरिन. तुला मासा धरायला पाठवलंच नव्हतं. तुझं तोंड बंद राहतं का, ते बघायचं होतं." ती माशाचे खवले काढत राहिली. "मी बारा वर्षांची असताना दोन महिने गप्प राहिले होते. तू तर मंगळवारीच फलकावर लागलास."

"त्यांना कळलंय?"

"कप्तानानं त्याच संध्याकाळी फोन केला."

ऑरिननं मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला बायकोचे बूट दिसले. बुटांना निळसर राखाडी चिकणमाती लागली होती. माणसानं सव्वीस वर्षं कागद बघितले की नजर बारीक होते. या बेटावर सगळीकडे पिवळी वाळू होती. असली निळी माती त्यानं बेटाच्या नकाशात एकाच ठिकाणी वाचली होती, आणि ते ठिकाण दीपगृहाच्या बरोबर विरुद्ध टोकाला होतं. त्याचं तोंड उघडलं. त्यानं ते मिटलं. उठून त्यानं तिच्या पायांतले बूट काढले, अंगणातल्या नळाखाली धरले आणि घासायला लागला.

तो घासत असतानाच फाटक वाजलं. नॉर्म टोपी मागायला आला होता. त्याची नजर टोपीवर गेली नाही, फळीवर गेली.

"बास!" त्याचा आवाज चिरकला. "कुठं? केळं जवळ असून? कुठं मिळाला, ऑरिन?"

ओडेटची सुरी थांबली. ऑरिन बुटाचा तळवा घासत होता. जन्मात एकदा त्याच्या दारी मासा आला होता, साडेतीस इंची, आणि तो बघायला अख्ख्या वेस्टहेवनचं तोंड समोर उभं होतं.

"सुपरमार्केटमधून," ऑरिन म्हणाला. "बर्फात घालून आणला होता. वेळेला असावा म्हणून."

नॉर्मनं त्यावर तत्काळ विश्वास ठेवला, आणि हा त्या दिवसातला सगळ्यांत जिव्हारी लागलेला धक्का होता. तो हसत हसत खाली बसला, उठला, पुन्हा बसला आणि टोपी घेऊन धक्क्याकडे धावत सुटला.

शनिवारी फुर्ताडोंच्या टेबलाभोवती म्हातारा, कप्तान आणि आणखी दोन जुने खलाशी बसले होते. मधोमध माशाचा रस्सा वाफाळत होता, डोकं वर, जसं म्हाताऱ्याला आवडे तसं. ऑरिन आपल्या स्टुलाशी उभा होता. आत्तापर्यंत गावातल्या सगळ्यांनी त्याला सुपरमार्केटवरून विचारून झालं होतं. न्हाव्यानं विचारलं होतं. पाद्रीबाबांनी शुक्रवारच्या प्रवचनात नाव न घेता विचारलं होतं.

म्हाताऱ्यानं चमचा बुडवला, रस्सा चाखला आणि चमचा खाली ठेवला. "मासा कुठला?"

खलाशांनी माना वळवल्या. दुकानातला आणलास तर दारातच सांग, असं ज्या माणसानं बजावलं होतं तो माणूस समोर होता, आणि त्याच्या मागं काचेतून फातिमा माता बघत होती. आता हा माणूस उपाशी झोपणार आणि चोवीस वर्षांवर कायमचा शिक्का बसणार.

"दुकानातला, मिस्टर फुर्ताडो," ऑरिन म्हणाला.

"कुठल्या दुकानातला?"

"आठवत नाही."

"पावती असेल. तू पावत्या ठेवतोस."

"हरवली," ऑरिन म्हणाला. हे आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं बोलताना त्याचे कान लालभडक झाले होते.

म्हाताऱ्यानं त्या लाल कानांकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. ऑरिनला वाटलं, झटका आला. पण म्हातारा हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानं हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या कप्तानाच्या खुर्चीला कोपर मारलं.

"सरक."

"मी कुठं जाऊ?" कप्तान म्हणाला.

"स्टूल आहे तिकडं फ्रिजशेजारी. कुणाला बर्फ लागला तर दे." मग तो मोकळी झालेली खुर्ची थोपटत म्हणाला, "बूट धुतलेस म्हणे. इकडं बस, ऑरिन."

चोवीस वर्षांत म्हाताऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऑरिननं पहिल्यांदाच ऐकलं. त्याला एवढा धक्का बसला की तो बसायचंच विसरला. शेवटी ओडेटनं मागून येऊन त्याचे खांदे धरले आणि त्याला खाली दाबलं.